कार्डात मावेल तेवढी आई

४ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस माणसं! मी मोजली. चौतीस माणसं आणि एक सायकल, सगळी फलाट दोनवरून उठून फलाट चारकडे पळाली. चारवर गाडी कुठली? झाडूवाला होता. तो बिचारा घाबरून झाडू टाकून बाजूला झाला.

आई बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारते; ती पाणी प्यायला उठली होती. हल्ली दर दहा मिनिटांनी उठते, घसा खवखवतो म्हणते. आणि माईक चालू ठेवून गेली. आता चालू माईकसमोर मला एकटीला बसवायचं, यात चूक कुणाची? मी आईच्या आवाजात म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी सहा दहाची गाडी आज फलाट क्रमांक चारवरून सुटेल." सावकाश. 'सुटेल'वर जरा खाली उतरून, अगदी तिच्यासारखं. चहावालासुद्धा फसला, आणि तो वीस वर्षं आईचा आवाज ऐकतोय.

आईने कान धरून टपरीपर्यंत आणलं. टपरी बाबांची, स्टँडच्या कोपऱ्यावर, घड्याळदुरुस्तीची. गणितात दोनदा आपटल्यापासून मी तिथंच घड्याळांचे सेल बदलते. आई म्हणाली, "सांभाळा तुमचं रत्न!" बाबांनी डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "चारच का पण?"

५ फेब्रुवारी, मंगळवार

स्टँडच्या कंट्रोलर साहेबांनी आईला लेखी समज दिली. माझ्यामुळे. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या दवाखान्यात गेलो. तिघंही.

गाठ आहे. आवाजाच्या जागीच. चांगली नाही. डॉक्टरीणबाई समोरच्या कागदावर गळा काढून दाखवत होत्या, मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. झाकण चावलेलं होतं. डॉक्टर पण चावतात म्हणजे!

सगळंच काढावं लागणार. तीन मार्चला. आई जगेल, चांगली जगेल, असं दोनदा म्हणाल्या. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घेईल. बोलता येणार नाही.

बाबांनी विचारलं, "म्हणजे हळू बोलेल?"

"नाही. आवाजच नसेल."

आईने विचारलं, "तोपर्यंत ड्यूटी करू का?" बाई म्हणाल्या, "करा की. आता बोललात काय, न बोललात काय, गाठीला फरक नाही. मनसोक्त बोलून घ्या."

परत येताना आई बसमध्ये खिडकीला.  आमचा थांबा आला तेव्हा म्हणाली, "उठा." बस्स.

१० फेब्रुवारी, रविवार

सुचलं! मावशीने दिलेला कॅमेरा! तिने नवा घेतला आणि जुना आमच्या गळ्यात मारला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, पट्टी तुटलेली. त्यात व्हिडिओ निघतो. आईचा आवाज पकडून ठेवायचा. घरातला टेप कॅसेटी खातो, बाबांचा फोन नुसता वाजतो. म्हणजे हाच एक.

आईला म्हटलं, "कॅमेऱ्यापुढे बोल ना जरा."

"काय बोलू?"

"काहीही."

"मला काय कपाटात मांडून ठेवायचंय? चल, भांडी लाव."

सरळ बोलणार नाही ती. पण एका गोष्टीवर ती सरळ, भरभरून, न थांबता बोलते — माझ्यावर! म्हणजे मी खोडी काढायची आणि कॅमेरा लपवून ठेवायचा. जन्मात पहिल्यांदा माझ्या वात्रटपणाचा काहीतरी उपयोग.

एकच अडचण. आत कार्ड नाही. कॅमेऱ्याच्या पोटात जागा आहे ती अकरा सेकंदांची. अकरा सेकंदांत आईची प्रस्तावनासुद्धा होत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेले. पहिल्याच झगमगीत दुकानात टाय लावलेला पोरगा. म्हणाला, "चार जीबी घ्या मॅडम, लेटेस्ट!" मॅडम म्हटल्यावर मी पाघळले. घेतलं. घरी येऊन घातलं तर पडद्यावर लाल अक्षरं, 'कार्ड एरर'. बाहेर काढलं, फुंकलं, परत घातलं. एरर. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मोठ्या घड्याळाचं मशीन लहान घड्याळात बसवलंस तर चालेल का? आधी कॅमेरा काय खातो ते विचार."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

टायवाल्याने कार्ड परत घेतलं, पण तोंड असं केलं की मी जणू चघळून आणलंय. मॅडम एका दिवसात 'ओ ताई' झाली.

मग फुटपाथवरून एक जीबीचं, नाव-गाव नसलेलं, स्वस्त. हे कॅमेऱ्याने गिळलं! आनंदाने मांजरावर प्रयोग केला. बारा सेकंदांनी आपोआप बंद. परत केलं, परत बारा सेकंद. मांजर कंटाळून निघून गेलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मिळालं! गल्लीच्या टोकाला जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, दाराएवढंच रुंद. आत एक काका, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. मी नाव ठेवलं डबलचष्मा. त्यांनी कॅमेरा हातात घेतला तो बाबा घड्याळ घेतात तसा, दोन बोटांत.

"याला एक जीबीच्या वर चालत नाही. आणि कार्ड हळू असेल तर व्हिडिओ मधेच तुटतो. ते फुटपाथवालं फेकून दे. काय शूट करायचंय?"

"आईच्या शिव्या."

डबलचष्म्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. दोन चष्म्यांतून माझ्याकडे बघितलं. मी मग सगळं सांगून टाकलं. का कोण जाणे. घरी कुणाशी बोलले नव्हते.

त्यांनी खणातून गोळ्यांचा डबा काढला, त्यात जुनी कार्डं. तीन बाजूला ठेवली, दोन परत टाकली, उरलं त्याचे सोनेरी दात स्वतःच्या शर्टाला पुसले. "हे घे. चार वर्षं मीच वापरलंय. कधी दगा दिला नाही. आता ठरव, चित्र मोठं की छोटं? मोठं ठेवलंस तर पंधरा मिनिटं मावतील. छोटं ठेवलंस तर पाऊण तास, पण जरा धुरकट दिसेल."

मी म्हटलं, "छोटं. आई धुरकट दिसली तर चालेल. बोलली पाहिजे."

कॅमेरा एका वेळी तीन मिनिटंच घेतो, मग थांबतो. म्हणजे पंधरा वेळा तीन मिनिटं. मी परत विचारलं, "लावून बघितलं तर आवाज नाही येत." ते म्हणाले, "याला स्पीकर नसतो. टीव्हीला जोड, तिथं येईल." सोबत वायर दिली. एकच पिन, पिवळी.

पाऊण तास आई. आता आईला तीन मिनिटांत तापवायची सोय बघायला हवी.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली खोडी. बाबांच्या टपरीवरची नऊ गजराची घड्याळं आणून आईच्या खोलीत लपवली, सगळ्यांना पाच वाजून पाच. कॅमेरा फडताळात, डाळीच्या डब्यामागे.

आई दुपारची ड्यूटी करून आडवी झाली होती. नऊच्या नऊ एकदम! आई उठून बसली आणि झोपेतच म्हणाली, "प्रवाशांनी कृपया —" मग मला बघितलं.

"कार्टे! माझी झोप म्हणजे काय शेवटची गाडी आहे का, कुणीही धावत येऊन चढावं? उद्या सकाळच्या पहिल्या गाडीत बसवते आणि शेवटच्या थांब्यावर सोडून येते! परतीचं तिकीट न काढता!"

दोन मिनिटं चाळीस सेकंद. उत्तम! डबलचष्म्याच्या कार्डाने दगा दिला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आईच्या गणवेशाच्या दोन्ही बाह्या आतून टाचल्या. आई हात घालतेय, हात अडकतोय. "ह्या घरात माणसं राहतात की माकडं? तुझ्यापेक्षा स्टँडवरचं कुत्रं बरं, निदान फलाट ओळखतं!"

कॅमेरा घेऊन पळाले. बघते तर काहीच नाही. कार्डाच्या कडेला एक पांढरी बारीक खिटी असते, ती खाली सरकली होती. खिटी खाली म्हणजे कार्डाला कुलूप, नवीन काही लिहून घेत नाही. बाबांनी भिंगातून बघून सांगितलं. वर सरकवून दिली आणि नखावरचं तेल पुसत म्हणाले, "कशाला हवंय गं एवढं?" मी म्हटलं, "असंच." 

कुत्र्याचं वाक्य गेलं. म्हणून इथं लिहून ठेवतेय. चांगलं होतं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

चहात मीठ. एक मिनिट दहा. आई दमल्यासारखी वाटली. आवाज मधेच दगडावर घासल्यासारखा होतो.

आज खोडी काढताना हसू आलं नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

पायातल्या चपला छपरावर. "एक दिवस तुलाच टाकते छपरावर, मग ओरड तिथून गाड्यांची नावं!" पूर्ण तीन मिनिटं! वाक्य अर्धवट असतानाच कॅमेरा थांबला. आईला कुठं माहीत, ती पुढे बोलतच होती. शेवटचं म्हणाली, "आणि सावकाश उतर शिडीवरून, मोडशील हात."

२४ फेब्रुवारी, रविवार

एक गंमत. आई हल्ली ओरडायच्या आधी केस सारखे करते. मी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं, ती धावत स्टँडवर गेली, परत आली, दारातच थांबली. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला, फडताळासमोर येऊन उभी राहिली आणि मग सुरू! अडीच मिनिटं. अगदी ठसक्यात. कुठं खर नाही, खोकला नाही, जणू घोटून आली होती.

म्हटलं, आजारी माणसाला असं काहीबाही होत असेल.

२७ फेब्रुवारी, बुधवार

आई आज शेवटची ड्यूटी करून आली. मी सकाळी बाहेर जाऊन उभी राहिले, फलाट दोनवर, लोकांत. कुणाला माहीतच नाही! एक माणूस शेंगा सोलत होता. दोन पोरं भांडत होती. वर आईचा आवाज, नेहमीसारखा. मला वाटलं ओरडून सांगावं, अरे ऐका ना नीट! पण ते ऐकत होते. गाडीचं नाव आलं की बरोबर उठत होते. याच्यापेक्षा नीट काय ऐकायचं?

संध्याकाळी शेवटची खोडी. आईच्या उशीच्या अभ्र्यात कांदे. कॅमेरा लावला, बटण दाबलं, तेवढ्यात टपरीवरून बाबांची हाक. गेले. अर्ध्या तासाने परत आले तर आई शांतपणे कांदे चिरत बसलेली. ओरडली नाही.

कॅमेऱ्यात मात्र तीन मिनिटं पूर्ण भरलेली. छोट्या पडद्यावर बघितलं, आई अगदी समोर आहे, नाकच मोठं दिसतंय, बोलतेय. एकटीच बडबडत असणार कांद्यांवर. इथं न लिहिलेल्या रोजच्या बारीकसारीक खोड्या धरून पाऊण तास झालाच होता; पडद्यावर लिहून आलं, 'कार्ड भरले'.

पुढं बघायचा धीर झाला नाही. आत आई होतीच ना, खरी. नंतर बघू. नंतरसाठीच तर आहे.

३ मार्च, सोमवार

आत नेताना आई बाबांना म्हणाली, "दूध उतू घालवू नका." मला म्हणाली, "तू... जाऊ दे." आणि हसली.

सहा तास.

नीट झालं.

७ मार्च, शुक्रवार

आईला पाटी दिलीय, पेन्सिल दोऱ्याने बांधून. तिने पहिलं काय लिहावं? 'पंखा कमी करा.' दुसरं, माझ्याकडे बघून, 'नखं काप.'

आई पेन्सिलीने ओरडते. 'का'चा काना अर्ध्या पाटीपर्यंत.

तिच्या गळ्याकडे बघायला दोन दिवस घाबरले. आज बघितलं. बटणाएवढं आहे.

१५ मार्च, शनिवार

आई घरी. झोपली होती. मी ठरवलं, आधी आपण बघू, मग तिला. पिवळी वायर टीव्हीला लावली.

पहिला व्हिडिओ. नऊ घड्याळं. आई उठून बसली. तोंड हलतंय. आवाज नाही. टीव्हीचा आवाज वाढवला. खरखर. पूर्ण वाढवला. नुसती खरखर.

दुसरा. नाही. चहाचा. नाही. चपलांचा. नाही.

१६ मार्च, रविवार

डबलचष्म्याकडे पळत गेले. ते रविवारी बंद. टपरीवर आले. बाबांनी सगळी कामं बाजूला सारली, भिंग लावलं आणि कॅमेरा फिरवत राहिले. पुढून, मागून, खालून, कडेने. दहा मिनिटं. मग भिंग काढलं.

"आवाज आत जायला भोक लागतं गं. सुईच्या टोकाएवढं का होईना. याला कुठंच नाहीये."

म्हणजे कॅमेऱ्याला कानच नव्हते. पहिल्यापासून. मी कार्ड किती जीबी बघितलं, किती जलद बघितलं, खिटी बघितली, मिनिटं मोजली. दोन दुकानं, एक फुटपाथ, एक गोळ्यांचा डबा! कॅमेरा ऐकतो का, हे एकदाही सरळ विचारलं नाही; डबलचष्म्यानेही तो ऐकतो असंच धरलं. आणि वर शहाणपणाने चित्र छोटं केलं. म्हणजे आवाज नाहीच, आणि आईपण धुरकट.

बाबा म्हणाले, "तिला नको सांगूस."

मी टपरीमागे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने बाबा आले, शेजारी बसले. म्हणाले, "कुत्र्याचं काय म्हणाली होती ती? फलाट ओळखतं?" मी म्हटलं तसंच्या तसं, आईच्या आवाजात. बाबा हसले, आणि मग उठून घाईघाईने आत गेले.

१८ मार्च, मंगळवार

आईपासून लपवायला जावं तर ती आधीच टीव्हीसमोर. पाटीवर लिहिलेलं, 'लाव.'

"काय लावू?"

'डाळीच्या डब्यामागचं.'

माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! फडताळात लाल दिवा लुकलुकतोय आणि डाळ काढायला दिवसातून दोनदा हात घालणारी बाई ओळखणार नाही? मी जगाला फसवते म्हणून मिरवते, आणि आई रोज केस नीट करून मला शिव्या देत होती.

मग सांगावंच लागलं. आवाज नाही म्हणून. मी जमिनीकडे बघत सांगितलं. वर बघितलं तर आईचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती! नुसती हवा, पण हसतच होती.

'लाव,' पाटी पुढं.

लावलं. आई झोपेतून उठली, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "प्रवाशांनी कृपया — कार्टे! माझी झोप म्हणजे काय शेवटची गाडी आहे का!" मला सगळं पाठ. जिथं विसरले तिथं ही वही उघडली. बाबा दारात उभे राहून बघत होते. आई मधूनमधून पाटी दाखवायची. 'सावकाश.' 'मी एवढी किंचाळत नाही.' 'परत.'

मग शेवटचा. कांद्यांचा. यात मी खोलीत नव्हतेच, मला काय माहीत काय म्हणाली?

पडद्यावर आई जवळ आली. कांदे नाहीत, काही नाहीत. सरळ कॅमेऱ्यात बघतेय. दीर्घ श्वास घेतला, दाखवून घेतला, छातीवर हात ठेवून. मग ओठ हलले. मग एक बोट वर. परत ओठ. तीन बोटं.

मला दुसऱ्या वाक्याला कळलं. सकाळच्या गाड्या! पहाटे पाच चाळीसपासून, एकेक. बोटं म्हणजे फलाट. मी बोलायला लागले, तिच्या ओठांबरोबर. नदीपलीकडची, फलाट एक. साखर कारखान्याची, फलाट तीन. बंदराची सहा दहाची. इथं आईने दोन बोटं वर केली आणि डोळे वटारले. फलाट दोन! चार नाही! तीन मिनिटांत बरोबर बसवलं होतं तिने. एक सेकंद इकडे तिकडे नाही. वीस वर्षं वेळेवर बोललेली बाई.

पडदा काळा झाला. मी विचारलं, "हे कशाला?"

आईने पाटी पुसली आणि नुसती माझ्या डोक्यावर टक्कन वाजवली.

३० मार्च, रविवार

आईच्या जागी बसवलेल्या कंडक्टरचा दोन दिवसांत घसाच बसला. आवाज पोचत नाही, लोक गाड्या चुकवतात. आई पाटी घेऊन कंट्रोलर साहेबांकडे गेली. मला बाहेर उभं केलं. आतून साहेबांचा आवाज, "हिला? तिने फलाट चारवर माणसं पळवली बाई!" मग नुसती पेन्सिलीची करकर. बराच वेळ. मग साहेब, "बरं बरं. परवापासून. चार दिवस बघू. तुम्ही शेजारी बसायचं."

परवा म्हणजे एक एप्रिल! माझ्या हातात माईक, एक एप्रिलला! साहेबांनी कॅलेंडर बघितलेलं दिसत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

पाच चाळीस, पाच पंचावन्न, दोन्ही आईच्या आवाजात केल्या. तंतोतंत. चहावाला खिडकीशी आला, "बाई! आलात परत?" आणि आईला गप्प बसलेली बघून तसाच उभा राहिला.

सहा दहाला माईककडे वाकले तर आईने पाटी आडवी धरली.

'माझा पुरे. आता तुझ्या आवाजात.'

मी तोंड उघडलं. माझा आवाज कसा आहे तेच आठवेना. बाहेर चौतीस माणसं तरी असतील. आईने छातीवर हात ठेवून श्वास घेऊन दाखवला.

फलाट दोन म्हटलं. सगळी उठली.